कूलंटवरचा तवंग आणि सांडपाण्यातलं तेल: कुठलं यंत्र घ्यायचं आणि त्याआधी काय तपासायचं

आमच्या शेडला सोमवारची सुट्टी. मंगळवारी सकाळी शटर वर केलं की पहिला येतो तो वास, नासक्या अंड्याचा, आणि तो कुठून येतोय हे शोधायला लागत नाही, व्हीएमसीच्या (धातू कापणाऱ्या संगणकी मशीनच्या) मागची कूलंटची, म्हणजे कापताना थंड ठेवायच्या तेलमिश्रित पाण्याची, टँक उघडली की वर तपकिरी साय धरलेली असते, बोटानं बाजूला केली तर परत जवळ येते आणि खालचं कूलंट पांढरं असायचं ते करडं झालेलं. कोल्हापूर भागात शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल पंचतारांकित एमआयडीसी, उद्यमनगर, कुठंही जावा, थोड्याफार फरकानं हेच चित्र दिसतं, कारण आमच्यात सगळा कारभार कास्टिंगचा आणि मशीनिंगचा, म्हणजे तेल आणि पाणी एकत्र येणारच.

मग माणूस काय करतो तर स्कीमर, म्हणजे पाण्यावरचं तेल उचलणारं यंत्र, शोधतो. फोन करतो, समोरचा विचारतो "किती लिटर पर अवर पाहिजे?", आणि इथंच गाडी चुकीच्या रस्त्याला लागते. मी स्वतः तसंच केलं होतं. कॅटलॉगमधे तासाला जास्त लिटर दिसले म्हणून मोठी डिस्क, म्हणजे फिरत्या चकतीचा स्कीमर, घेतली, सकाळी बसवली, तासभर झकास तेल आलं, आणि दुपारी बघतो तर डिस्क हवेत फिरतीय, कारण मशीन चालू झालं की कूलंट वर खेळायला लागतं आणि टँकमधली पातळी चार-पाच इंच खाली जाते. त्यात दोष त्या डिस्कचा नव्हता, मी लिटर बघितले आणि टँक बघितलीच नाही. म्हणून हा लेख यंत्रापासून सुरू न करता एका रिकाम्या पाण्याच्या बाटलीपासून सुरू करतोय. एवढं एक केलंत तरी निम्मा निर्णय तिथंच होतो.

पायरी १: बाटली भरून ठेवा

एक लिटरची पारदर्शक बाटली घ्या, आतून स्वच्छ धुतलेली, साबण राहिलेला नको. मशीन चालू असताना, म्हणजे सगळं ढवळलेलं असताना, टँकमधून बाटली भरा. नुसता वरचा तवंग काढून भरू नका, हात थोडा आत घालून भरा. हातमोजा घालून बरं का, जुन्या कूलंटनं कातडीला खाज उठते, माझ्या एका ऑपरेटरच्या बोटांच्या बेचक्या महिनाभर सोललेल्या होत्या. बाटलीवर तारीख, वेळ आणि मशीन नंबर मार्करनं लिहा आणि न हलवता २४ तास एका जागी ठेवा.

दुसऱ्या दिवशी बाटली उचलू नका, खाली बसून डोळ्याच्या पातळीवर बघा. आमच्या सीआय (बिडाच्या) जॉबच्या मशीनची बाटली अशी दिसते: तळाला काळी बारीक पावडर, बाहेरून लोहचुंबक लावलं तर ती सरकते. त्यावर दुधासारखं कूलंट. आणि सगळ्यात वर मधाच्या रंगाचा तेलाचा थर. कधीकधी दूध आणि तेल यांच्या मधे एक करडा, फाटलेल्या दह्यासारखा पट्टा असतो, त्याच्याकडे नीट बघा, त्याचं पुढं सांगतो.

आता पट्टी लावा. बाटलीच्या सरळ भागात वरचा थर किती मिलिमीटर आणि एकूण उंची किती. २०० मिमी उंचीत ६ मिमी तेल म्हणजे साधारण ३ टक्के. २०० लिटरची टँक असेल तर ६ लिटर तेल तरंगायच्या तयारीत आहे. अंदाजच आहे हा, पण कॅटलॉगमधल्या आकड्यापेक्षा तो तुमच्या टँकचा आहे.

बाटलीतून तीन गोष्टी कळतात. वर स्वच्छ थर आला, तर तेल सुटं आहे, साधा स्कीमर ते उचलणार. थर फार पातळ, पण खालचं कूलंट नेहमीपेक्षा पिवळट आणि जड वाटतंय, तर तेल बारीक थेंब होऊन आत अडकलंय, तिथं नुसता बेल्ट फिरवून उपयोग नाही. आणि मधे तो दह्याचा पट्टा जाड असेल, तर ते बहुतेक तेल नाहीच, ते कडक पाण्याचं काम आहे. बोअरच्या पाण्यातलं कॅल्शियम कूलंटमधल्या इमल्सिफायरला, म्हणजे तेल-पाणी एकत्र ठेवणाऱ्या रसायनाला, धरतं आणि साबणाचा चोथा तयार होतो, जसा बोअरच्या पाण्यानं अंघोळ केल्यावर बादलीच्या कडेला बसतो तसा. हा चोथा स्कीमर उचलत नाही, बेल्टला चिकटून वायपर, म्हणजे तेल खरवडणारी पट्टी, तुंबवतो. तिथं पैसे घालायचे ते पाण्यात घाला, म्हणजे कूलंट बनवायला आणि टॉप-अपला मऊ पाणी किंवा आरओचं पाणी वापरा. स्कीमर नंतर.

तेल का अडकतं, तेवढं समजून घ्या

घरी म्हशीचं धारेचं दूध तापवून रात्रभर ठेवलं की बोटभर साय येते. होमोजिनाइज्ड पिशवीचं दूध तसंच ठेवा, साय येते पण नावाला, कारण त्यातले स्निग्धाचे थेंब यंत्रानं फोडून बारीक केलेले असतात. तेल-पाण्याचं अगदी हेच आहे. थेंब मोठा असला की भर्रकन वर येतो, बारीक असला की वर यायची ताकदच नसते. हिशोब वर्गाचा आहे: थेंबाचा व्यास निम्मा झाला की वर यायचा वेग चौपट कमी.

आकड्यात सांगतो. ०.९ घनतेचं तेल, साधं थंड पाणी, पाण्याची खोली ३० सेंटिमीटर. १५० मायक्रॉनचा थेंब चार-एक मिनिटात वर येतो. २० मायक्रॉनचा थेंब जवळपास चार तास घेतो. आणि ५ मायक्रॉनचा थेंब अडीच दिवस, तेही पाणी अजिबात हललं नाही तर. म्हणजे तुमच्याकडे कुठला थेंब आहे त्यावर यंत्र ठरतं, लिटर पर अवरवर नाही. पाणी गरम असेल तर ते पातळ होतं आणि थेंब लवकर सुटतो, ६० अंशाला वेग दुपटीच्या वर जातो, म्हणूनच गरम वॉशिंग टँकमधून तेल काढणं मशीनच्या टँकपेक्षा सोपं जातं.

आणि हे थेंब बारीक करतं कोण? आपणच. कूलंटचा हाय प्रेशर पंप, ईटीपीच्या (सांडपाणी शुद्ध करायच्या प्लँटच्या) आधी लावलेला साधा सेंट्रिफ्यूगल पंप, तीस फुटावरून खड्ड्यात धाडकन पडणारं पाणी. पंपातला फिरता पंखा, इम्पेलर, तेलाला मिक्सरसारखं घुसळतो. म्हणून एक नियम कायमचा लिहून ठेवा: तेल आधी काढायचं, पंप नंतर. उतारानं जात असेल तर उतारानंच न्या, आणि पंप लागलाच तर एअर डायफ्राम किंवा स्क्रू पंप लावा, ते हळू ढकलतात.

पायरी २: तेल येतंय कुठून

ही पायरी लोक गाळतात आणि मला त्याचं वाईट वाटतं, कारण सगळ्यात जास्त पैसा इथंच वाचतो. व्हीएमसीचा स्लाइडवे ऑइलचा (सरकत्या भागांच्या तेलाचा) डबा बघा, बहुतेक ठिकाणी ६८ ग्रेडचं तेल असतं. तो डबा दर किती दिवसांनी भरता? समजा २ लिटरचा डबा ५ दिवसात संपतो, तर ते तेल स्लाइडवर मुरत नाही, सगळं ओघळून कूलंटमधेच उतरतं, म्हणजे दिवसाला ४०० मिली. हायड्रॉलिक पॉवरपॅकमधे महिन्याला किती टाकता तेही लिहा, चकच्या सिलिंडरची सील गेली असली तर आकडा तिथं दिसतो. जॉबवर आधीच्या प्रोसेसचं रस्ट प्रिव्हेंटिव्ह (गंज न लागायचं तेल) असतं, तेही यात धरा.

सगळी बेरीज केली की एका मशीनला दिवसाला साधारण अर्धा लिटर, जास्तीत जास्त एक लिटर निघतं. आता सांगा, तासाला २० लिटरचा स्कीमर काय करायचाय? तासाला दोन-तीन लिटर उचलणारा लहानसा स्कीमर रोज तासभर फिरला तरी पुरतो. शिवाय कॅटलॉगमधला आकडा जाड तेलाच्या जाड थरावर काढलेला असतो, तुमच्याकडे तवंग कागदाएवढा पातळ, तिथं कुठलाही स्कीमर त्या आकड्याच्या जवळ जात नाही.

बेरीज एक लिटरच्या वर गेली तर आधी गळती बंद करा. ल्युब पंपाचा टायमर बघा, काही मशीनवर सेटिंग गरजेपेक्षा दुप्पट असतं, पण मशीनच्या मॅन्युअलच्या खाली मात्र जाऊ नका, स्लाइड कोरडी पडली तर तो खर्च लई मोठा. आणि तेल बदलायची वेळ आली की दुकानदाराला विचारा, हे पाण्यापासून लवकर वेगळं होतं का. डिटर्जंट असलेलं हायड्रॉलिक तेल कूलंटमधे विरघळल्यासारखं मिसळतं आणि मग कुठलाच स्कीमर ते धरत नाही. नवीन तेलाचीही बाटली-टेस्ट करा: तुमचं ताजं कूलंट आणि ते तेल दहाला एक घाला, जोरात हलवा आणि ठेवा. तासाभरात वेगळं झालं तर घ्या.

पायरी ३: टँक मोजा

टेप घेऊन टँकपाशी बसा आणि हे लिहून काढा: वर उघडी जागा किती बाय किती, कूलंटची सगळ्यात वरची आणि सगळ्यात खालची पातळी यात फरक किती, तळापासून खोली किती, परतीचं कूलंट कुठं पडतं, चिप कन्व्हेयर कुठं आहे, पंप कुठून ओढतो, जवळ २३० व्होल्टचा पॉइंट आहे का. मोबाइलवर फोटो काढा. तवंग कुठल्या कोपऱ्यात साचतो तेही बघा, प्रत्येक टँकचा एक असा शांत कोपरा असतो जिथं तो आपोआप गोळा होतो, स्कीमर तिथंच बसला पाहिजे. परतीच्या धारेखाली लावलेला स्कीमर फेस खातो.

पायरी ४: आता यंत्र

डिस्क स्कीमर. एक चकती फिरते, तेल चिकटतं, वायपर खरवडतो. भाग कमी, किंमत कमी, जागा कमी. पण चकतीची पोहोच तिच्या त्रिज्येएवढीच, त्यातून मधला शाफ्ट आणि वायपरची जागा वजा करा, १२ इंची चकती जेमतेम चार इंच बुडते. पातळी फारशी हलत नाही अशा टँकला चांगली, ग्राइंडिंगच्या बाहेरच्या सेटलिंग टँकला आम्ही तीच ठेवलीय आणि ती तक्रार न करता चालते.

बेल्ट स्कीमर. बहुतेक सीएनसी-व्हीएमसीला हाच. वर मोटर, खाली पुली किंवा नुसतं वजन, मधे पट्टा लोंबतो. पातळी सहा इंच खालीवर झाली तरी पट्टा पाण्यातच राहतो. घेताना पट्ट्याची लांबी तुमच्या सगळ्यात खालच्या पातळीच्या खाली चार इंच जाईल अशी सांगा, पण तळाला टेकू देऊ नका, तळाचा काळा गाळ पट्ट्याबरोबर वर येतो. पट्टा कशाचा घ्यायचा? सीआयचं काम असेल तर विचार करून घ्या, कारण बिडाची ती बारीक पावडर म्हणजे पॉलिश पेपरच, पट्टा आणि वायपर यांच्यामधे अडकून दोघांना खाते. स्टीलचा पट्टा उष्णता सोसतो, गरम डीग्रीजिंग टँकला (जॉबवरचं तेल-ग्रीस धुवायच्या), जिथं पाणी ६०-७० अंश असतं, तिथं तोच घ्यावा. प्लॅस्टिकचा पट्टा साध्या तापमानाला उत्तम, तेल चांगलं धरतो आणि ॲल्युमिनियमच्या कामाला काहीच अडचण नाही. अल्कलीच्या टँकला लावायचा असेल तर पीएच सांगून विचारा. आणि खालच्या पुलीभोवती जाळीचा पिंजरा करून घ्या, एक लांब चिप गुंडाळली की पुली जाम होते आणि वरची मोटर घसटत राहते.

ट्यूब स्कीमर. प्लॅस्टिकची लांब नळी पाण्यावर सापासारखी तरंगत फिरते. टँकचं तोंड लहान पण आतली जागा मोठी, किंवा पाण्यात कचरा बराच, अशा ठिकाणी. खड्ड्याच्या लांबच्या टोकाचं तेलही ती ओढून आणते.

दोरीचा मॉप. झिपऱ्या असलेली जाड दोरी, तेल पिते, रोलरमधे पिळली जाते. हे मशीनचं काम नाही, हे ड्रेनचं, मोठ्या खड्ड्याचं आणि साखर कारखान्याच्या मिल हाउसमधून येणाऱ्या पाण्याचं काम. तिथं बेअरिंगचं तेल, ग्रीस आणि बगॅसचे (उसाच्या चिपाडाचे) कण सगळं एकत्र येतं, बेल्टचा वायपर तिथं टिकत नाही, दोरी टिकते. फार मोठं प्रमाण असेल तर ड्रम स्कीमर.

कोअलेसर. हा माझ्या आवडीचा, पण सगळ्यांना लागत नाही. वरून तरंगतं तोंड तवंगासकट कूलंट ओढतं, ते हळूहळू पॉलीप्रॉपिलीनच्या जाळीतून जातं, बारीक थेंब त्या जाळीला चिकटून एकमेकांना मिळत मोठे होतात आणि वर सुटतात, साफ कूलंट परत टँकमधे. ट्रॉलीवर घेतला तर आठ-दहा मशीनला एकच पुरतो, आज या मशीनला, उद्या त्या. बाटलीत तेल अडकलेलं दिसलं तर बेल्टच्या पुढची पायरी ही. अट एकच, आधी गाळणी पाहिजे, आणि सीआयवाल्यांनी गाळणीच्या आधी मॅग्नेटिक सेपरेटर लावायचाच. नाहीतर आठवड्यात जाळीचा दगड होतो, माझ्यासमोर एकानं ती जाळी छिन्नीनं फोडून काढलीय.

सेंट्रिफ्यूज. गरगर फिरवून तेल वेगळं करणारं यंत्र, हजारो लिटरची सेंट्रल कूलंट सिस्टीम असेल तर. लहान शेडला त्याचा मेंटेनन्सच परवडत नाही, त्यामुळं जास्त लिहीत नाही.

एक गैरसमज इथं खोडतो, कारण त्यापायी लोक चुकीचं महाग यंत्र घेतात. "अल्ट्राफिल्ट्रेशन लावा, सगळं तेल जाईल." जाईल, पण कूलंटमधलं कामाचं तेलही जाईल! विद्राव्य तेलाचं कूलंट हे स्वतःच तेलाचे अतिसूक्ष्म थेंब पाण्यात धरून बनवलेलं असतं, मेम्ब्रेनला, म्हणजे अल्ट्राफिल्ट्रेशनच्या अतिबारीक छिद्रांच्या पडद्याला, त्यातलं आपलं कुठलं आणि परकं कुठलं ते कळत नाही. मेम्ब्रेन हे टाकाऊ कूलंटचं पाणी वेगळं करायला, चालू कूलंट साफ करायला नाही.

पायरी ५: सांडपाण्याचं गणित वेगळं

फ्लोअर वॉश, वॉशिंग टँक, कॉम्प्रेसरचं कंडेन्सेट, डीग्रीजिंगचं पाणी, हे शेवटी ईटीपीला जातं आणि तिथून बाहेर. देशभराचा नियम आहे: नदी-नाल्यात सोडायच्या पाण्यात तेल आणि ग्रीस लिटरला १० मिलिग्रॅमच्या आत, सार्वजनिक गटारात २० च्या आत. तुमच्या कन्सेंटमधे (प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या परवानगीत) याहून कडक अट असेल तर ती धरायची. १० मिलिग्रॅम म्हणजे हजार लिटरच्या टाकीत १० ग्रॅम तेल, चहाचे दोन चमचे. नुसत्या स्कीमरनं इथवर पोहोचता येत नाही हे आधीच मान्य करा, म्हणजे फसगत होत नाही.

क्रम असा. पहिला तेलाचा सापळा, तीन कप्प्यांची टाकी, मधे पडद्या, बाहेर जाणारा पाइप खालून घेतलेला म्हणजे वरचं तेल मागंच राहतं. साइज काढायची तर पाणी तासाला किती येतं आणि कुठला थेंब पकडायचा ते घ्या. तासाला १००० लिटर पाणी आणि ६० मायक्रॉनपर्यंतचा थेंब धरला तर हिशोबानं वरचं क्षेत्रफळ जवळपास दीड चौरस मीटर येतं, पाणी ढवळतं म्हणून प्रत्यक्षात दुप्पट करा, तीन चौरस मीटर. जागा नसेल तर तिरक्या प्लेटांचा सेपरेटर, प्लेटमुळं थेंबाला वर यायचं अंतर दोन-चार सेंटिमीटरच राहतं, तेवढंच काम लहान जागेत होतं. या सापळ्यावर बेल्ट किंवा ट्यूब स्कीमर बसवा.

सापळ्यानंतरही पाणी दुधाळ दिसतंय तर ते इमल्शन, म्हणजे पाण्यात बारीक थेंब होऊन अडकलेलं तेल. तिथं रसायन लागतं, तुरटी किंवा फेरिक क्लोराइड, पीएच जुळवायला चुना, वर कण एकत्र बांधायला पॉलीइलेक्ट्रोलाइट. डोस किती ते पुस्तकात शोधू नका, पाच बरण्या घ्या, प्रत्येकीत तुमचंच एक लिटर पाणी, तुरटीचं प्रमाण चढतं ठेवा, ढवळा आणि अर्धा तास बघा, कुठल्या बरणीत खालचं किंवा मधलं पाणी काचेसारखं झालं तो तुमचा डोस. मग डीएएफ, म्हणजे पाण्यात हवा दाबून विरघळवायची आणि दाब सोडला की बारीक बुडबुडे ते तेलाचे पुंजके वर घेऊन येतात. शेवटी वाळूचा आणि कार्बनचा फिल्टर. कार्बनला तेलकट पाणी थेट दाखवू नका, दोन दिवसात बाद होतो.

आणि खराब कूलंट एकदम ईटीपीच्या चेंबरमधे ओतू नका. २०० लिटर कूलंट ६ टक्क्यांनी बनवलेलं असेल तर त्यात १२ लिटर कॉन्सन्ट्रेट (पाणी न घातलेलं मूळ कूलंट) आहे, शिवाय बायोसाइड, ते जैविक प्रक्रियेतल्या जिवाणूंना मारून टाकतं. वेगळ्या ड्रममधे साठवा, वेगळं फोडा किंवा अधिकृत ठिकाणी द्या. कोल्हापूरकरांना हे मी वेगळं सांगायची गरज नसावी, पण सांगतो: शेडमागच्या नाल्यातलं पाणी पंचगंगेला जातं, तिथून शिरोळ तालुक्यातल्या गावांपाशी, आणि नृसिंहवाडीला कृष्णेत. त्या पाण्यावर माणसं, जनावरं आणि ऊस आहे, आणि त्यातले बरेचजण आपल्याच शेडमधल्या पोरांच्या घरचे आहेत.

पायरी ६: पैसे द्यायच्या आधी ट्रायल

विक्रेत्याला म्हणा, माझ्या टँकवर एक दिवस लावून दाखवा. नसेल जमत तर तुमचं २० लिटरचं कॅन घेऊन त्याच्याकडे जावा. एक तास चालवा, जे निघेल ते सगळं बाटलीत धरा आणि चार तास ठेवा. वरचं तेल निम्म्यापेक्षा कमी आणि खाली कूलंटच जास्त असेल तर तो स्कीमर तुमचं कूलंट बाहेर फेकतोय, कॉन्सन्ट्रेटचे पैसे नाल्यात. याला उपाय म्हणजे स्कीमरच्या पुढं लहान डिकँटर डबा, वरून तेल बाहेर आणि खालून कूलंट परत टँकमधे, तो सोबत मागा.

आणि विचारायचं ते: वायपर किती दिवसांनी बदलावा लागतो आणि तो इथं मिळतो का, पट्ट्याचा जोड तुटला तर नुसता पट्टा मिळतो का, गिअर मोटर उद्यमनगरात कुणी उघडू शकेल अशी साधी आहे की सील केलेली. शेवटचा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण चांगले स्कीमर मोटर गेली म्हणून भंगारात गेलेले मी मोजून तीन बघितलेत.

पायरी ७: बसवल्यावर चालवायचा कसा

दिवसभर चालू ठेवू नका. मशीन थांबल्यावर अर्ध्या-एक तासानं तवंग वर जमतो, तेव्हा तेल उचललं जातं, तवंग संपला की पट्टा नुसतं कूलंट वर आणायला लागतो. साधा प्लगचा टायमर मिळतो, पहिली पाळी सुरू व्हायच्या आधी एक तास लावा. आमच्याकडे सकाळी ६ ते ७ आणि सुट्टीदिवशी सकाळ-संध्याकाळ एकेक तास.

वासाचं कारण हेच की वर तेलाचं झाकण बसलं की कूलंटला हवा मिळत नाही, बिनहवेचे जिवाणू वाढतात आणि गंधकाचा वायू सोडतात. तेल काढलं की अर्धं काम होतं, उरलेल्यासाठी लांब सुट्टीत, दिवाळीला किंवा गणपतीत, फिश टँकचा हवेचा पंप टाकून ठेवा, बुडबुडे चालू राहिले की वास धरत नाही. पण खोल, बंद खड्ड्यात वास येतोय म्हणून कुणाला आत उतरवू नका, हाच वायू जास्त झाला की नाकाला कळायचं बंद होतं आणि माणूस खाली कोसळतो, वाचवायला गेलेलाही कोसळतो.

आठवड्याला रिफ्रॅक्टोमीटर (कूलंटचं प्रमाण मोजायचं उपकरण) आणि पीएच पट्टी. रिफ्रॅक्टोमीटर साध्या पाण्यावर शून्य करा, वाचलेल्या आकड्याला कूलंटच्या डब्यावरचा फॅक्टर गुणा. रेघ अस्पष्ट, धुरकट दिसायला लागली तर तेल परत वाढतंय, वाचन पण मग खरं धरू नका. पीएच ९ च्या आसपास असतो, ८.५ च्या खाली घसरला तर जिवाणू लागले. दर मंगळवारी वायपर काढून पुसा, धार बघा.

आता निघालेलं तेल. ते वापरलेलं तेल म्हणून घातक कचऱ्याच्या २०१६ च्या नियमात येतं. सेंट्रिंगवाले फळ्यांना लावायला मागतात, भट्टीवाले जाळायला मागतात, पैसेही देतात, देऊ नका. झाकणाचा ड्रम, वर लेबल, पक्क्या फरशीवर कडेला बांध घालून ठेवा, ९० दिवसांच्या आत अधिकृत रिसायकलरला द्या, यादी प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे मिळते, फॉर्म १० चा मॅनिफेस्ट (कचरा नेल्याची नोंद) घ्या आणि त्याची प्रत फाइलला लावा, ३० जूनच्या आत भरायच्या वार्षिक रिटर्नला तोच आकडा लागतो. तेलानं भिजलेलं कॉटन वेस्ट वेगळ्या पिंपात. आणि जून लागायच्या आधी ड्रमची जागा एकदा बघून घ्या, २०१९ ला आणि २०२१ ला शिरोलीजवळ हायवेवर पुराचं पाणी होतं, सखल शेड असेल तर भरलेले ड्रम पावसाआधी देऊन टाका आणि उरलेले उंच कट्ट्यावर चढवून साखळीनं बांधा, रिकामेसुद्धा, कारण रिकामा ड्रम पहिल्यांदा तरंगतो.